उद्या सहाला पाणी

मी त्या गावात नोकरीला आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळातून माझी बातमी आली.

शाळेमागच्या भाड्याच्या खोलीत मी स्टोला पंप मारत बसले होते. उदगीरहून आणलेली ट्रंक अजून उघडलीही नव्हती. एवढ्यात कुणीतरी खाकरलं. साऱ्या गावाला ऐकू जाईल असं खाकरलं. मी दचकून वर पाहिलं. पत्र्याच्या फटीतून नुसतं उजाडलेलं आभाळ दिसत होतं.

"ऐका. आता पाणी सोडायलोय," आवाज म्हणाला. "शाळेमागच्या खोलीत मराठीच्या नव्या बाई आल्यात. एकट्या हायत, दोन घागरीवर पाणी लागणार न्हाई. त्यास्नी धाला शाळा हाय. नळावर त्यास्नी आदी भरू द्या."

मग हेच कन्नडमध्ये झालं. मग दख्खनी उर्दूत झालं, आणि त्यात मी "टीचर साहिबा" झाले.

दुपारच्या बसने उदगीरला परत जावं, असंच मला वाटलं. लाजेने घागर उचलवेना. पण नळावर गेले तर आठदहा बायका बाजूला सरकल्या. एकजण म्हणाली, "या बाई, तुमचंच नाव पुकारलंय." दुसरीने माझ्या दोन घागरींकडे बघून विचारलं, "एवढ्यात भागतंय व्हय तुमचं? न्हाता न्हाई का काय?" सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि त्या गावात मी अकरा वर्षं राहिले.

तो आवाज ज्यांचा होता त्यांना गाव टाकीअण्णा म्हणायचं. नगरपालिकेत ते पाणी सोडायच्या कामावर होते. उंच, हडकुळे, वर नगरपालिकेचा खाकी शर्ट आणि खाली पांढरंशुभ्र धोतर. व्हॉल्व्ह फिरवायची हातभर लांबीची लोखंडी चावी सायकलच्या दांड्याला बांधलेली. सायकल दगडावरून गेली की ती चावी खणखणायची, आणि पोरं घरात ओरडायची, "आये, पाणी आलं!" निजामाच्या अमलात ते उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकले होते. पुढे मैसूर राज्य आलं, नोकरीसाठी कन्नडची परीक्षा द्यावी लागली, ती त्यांनी पहिल्या झटक्यात दिली. घरात मराठी. वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हा अण्णा विशीत होते. टाकीखालच्या पंपाच्या खोलीत भिंतीवर बुद्धाची एक तसबीर होती आणि तिच्याखाली रेडिओचं मशीन होतं. दोन्ही ते रोज एकाच फडक्याने पुसायचे.

रेडिओ त्या खोलीत कसा आला, त्याची हकीकत त्यांनी मला पुष्कळदा सांगितली.

सरकारने गावाला एक रेडिओ दिला होता. सोबत आवाज मोठा करायचं मशीन आणि चार कर्णे. संध्याकाळी सातला लोकांना बातम्या ऐकवायच्या, एवढाच हुकूम. तो ठेवायचा कुठे, यावर नगरपालिकेत महिनाभर चर्चा झाली. वाचनालय गळत होतं, कचेरीला पाचला कुलूप लागायचं. गावात वीज हमखास असायची ती एकाच जागी, पंपाच्या खोलीत. म्हणून रेडिओ तिथे आला, चार कर्णे टाकीवर चार दिशांना तोंड करून बसले, आणि बटण फिरवायचं काम आपोआप अण्णांकडे आलं.

"खोक्यात एक माईकबी आला होता," ते सांगायचे. "तो कशाला हाय, हे कुणी इचारलंच न्हाई. मी फडक्यात गुंडाळून ठिवला."

पहिले काही महिने सगळं हुकमाप्रमाणे चाललं. एका संध्याकाळी मात्र टाकीखालच्या मैदानात शेदीडशे माणसं बसलेली आणि रेडिओतून नुसती खरखर येऊ लागली. अण्णांनी सगळी बटणं फिरवून पाहिली. लोक उठायला लागले. तेव्हा त्यांनी फडकं सोडलं, माईक लावला आणि म्हणाले, "बसा. आज दिल्लीचं ऐकू येईना. गावातलं ऐका."

आणि त्यांनी गावातलं सांगितलं. राजेश्वरहून येणारी बस टायर फुटून वाटेत उभी आहे, त्यात आपली सात माणसं आहेत, सगळी खुशाल आहेत, घरच्यांनी जेवायला थांबू नये. कुंभार गल्लीतली म्हैस व्याली, रेडकू झालं. दवाखान्यात नवीन डॉक्टर आलेत, पण त्यांचं सामान अजून आलं नाही म्हणून ते ओट्यावर बसलेत; कुणीतरी चहा न्यावा. आणि उद्या सकाळी सहाला पाणी.

डॉक्टरांकडे त्या संध्याकाळी पाच घरचा चहा गेला.

दुसऱ्या दिवशी दिल्ली स्वच्छ ऐकू आली. बातम्या संपल्या तरी मैदानातून कुणी उठेना. शेवटी एक म्हातारा खोलीच्या दारात आला आणि म्हणाला, "दिल्लीचं झालं न्हवं? आता आपलं लाव की."

असं आमच्या गावाचं रेडिओ केंद्र सुरू झालं.

त्याचे नियम अण्णांनीच केले आणि अण्णांनीच पाळले. बातमी उभं राहून सांगायची. बातमीच्या दिवशी कच्चा कांदा खायचा नाही, "माईकला वास लागतोय." रविवारी केंद्र बंद. त्या दिवशी ते ज्वारीच्या भाकरीबरोबर दोन-दोन कांदे बुक्कीने फोडून खायचे आणि आठवड्याची कसर भरून काढायचे. पण सगळ्यात मोठा नियम म्हणजे, स्वतः डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बोलायचं नाही. कुणी बातमी घेऊन आलं की त्यांचं एकच उत्तर, "बघून येतो, मग बोलतो." आणि सायकलवर टांग.

एकदा तेल्याच्या घरचे आजोबा गेले, असं कुणीतरी धापा टाकत सांगत आलं. आजोबांचं वय झालेलं, शंकेला जागा नव्हती. भावकीत तर एकदोघींनी चुलीही विझवल्या. अण्णा सायकल काढून गेले, तर आजोबा अंगणात बसून दुधात भाकरी कुस्करत होते. अण्णांना पाहून म्हणाले, "कामून आलास रे?" अण्णांनी खरं ते सांगितलं. आजोबा भडकले. "जा! आत्ताच्या आत्ता सांग समद्यास्नी!"

पाच मिनिटांनी टाकीवरून खाकरणं ऐकू आलं. "ऐका. तेल्याचे आजोबा जिते हायत. मी बघून आलोय. भाकरी खायलेत. ज्यांनी सुतक धरलं त्यांनी सोडावं. उद्या सहाला पाणी."

तीन भाषांचं त्यांचं एक निराळंच प्रकरण होतं. तिन्हीकडे बातमी तीच, पण कधीही सारखी नसायची. म्हैस हरवली तर मराठीत ती पूर्ण यायची: कुणाची, कधी सुटली, डावं शिंग मोडकं, सापडली तर बांधून ठेवा, दूध काढू नका. कन्नडमध्ये तीच म्हैस दोन वाक्यांत आटपायची, "एम्मी कळदद. सिक्करे हेळ्री." म्हणजे म्हैस हरवलीय, सापडली तर सांगा. आणि दख्खनीत तिला अदब यायची: "एक भैंस साहिबा कल से घर कू नै आए सो, घरवाले भोत परेशान हैं." त्यामुळे आपली भाषा झाली म्हणून कुणी उठून जात नसे. सगळं गाव तिन्ही वेळा ऐकायचं. मी शाळेत ज्या मुलींना मराठी शिकवायचे, त्यांना कन्नड कुणी शिकवलं असेल तर ते अण्णांच्या म्हशींनी.

हे सगळं बिनपरवान्याचं होतं. गावाला ते कधी जाणवलंच नाही. मी येण्याच्या वर्षभर आधी वरच्या कचेरीतून एक साहेब तपासणीला आले, तेव्हा ते कळलं. साहेबांनी मशीन पाहिलं, कर्णे पाहिले, माईक हातात घेतला आणि विचारलं, "हे कुणाच्या परवानगीनं बोलता?"

अण्णा म्हणाले, "साहेब, पाण्याची सूचना द्यायचा कागद हाय माज्याकडं. नगरपालिकेचा शिक्का हाय."

"पाण्याची. म्हशीची नाही."

"न्हाई."

"मग यापुढे फक्त पाण्याची सूचना. दुसरा एक शब्द आला तर मशीन जप्त."

साहेब गेले. त्या संध्याकाळी मैदान गच्च भरलं होतं. अण्णा उभे राहिले, खाकरले आणि म्हणाले, "उद्या सहाला पाणी. राजेश्वरच्या बसचं आजबी टायर फुटलंय, तरी त्या बसमधल्यांनी पाणी उद्याच भरावं. धनगर गल्लीत परवा लग्न हाय, जेवायला समद्यास्नी बोलवलंय, तवा त्या गल्लीला पाणी अर्धा तास जादा. कुंभाराची म्हैस सापडली, तिला पाणी दाखवलं. पाण्याची सूचना संपली."

मैदानात आधी कुणाला समजलं नाही. मग जो हशा उसळला, तो बाजारपेठेपर्यंत ऐकू गेला म्हणतात. त्या दिवसापासून आमच्या गावातली प्रत्येक बातमी पाण्यात भिजूनच बाहेर पडू लागली. आरंभी पाणी, शेवटी पाणी, आणि मधे जे काय असेल ते पाण्याच्या निमित्ताने. साहेब पुन्हा दोनदा आले. त्यांनी मैदानात उभं राहून पूर्ण ऐकलं, कागद काढून पाहिला, आणि कशावर बोट ठेवावं ते त्यांना सापडलं नाही. दुसऱ्या खेपेला जाताना ते म्हणाले, "त्या धनगर गल्लीतल्या लग्नाला मलाही बोलवायला हवं होतं."

मैसूर राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं, तेव्हा मी गावात होते. सगळीकडे झेंडे, भाषणं चाललेली. आम्हा सीमेवरच्या माणसांच्या मनात तर नाना गोष्टी. आता टाकीवरून काय ऐकू येतं, म्हणून लोक जमले. अण्णांनी सांगितलं, "आजपासून आपल्या राज्याचं नाव कर्नाटक. कागदावर नवीन नाव लिवायला शिका. पाणी उद्या सहालाच."

गावात त्यांच्यावर राग धरणारेही होते. त्याचं कारणही पाणीच होतं. अण्णा पाणी सोडायचे ते शेवटच्या टोकापासून. मोठ्या पाइपाच्या शेपटाला, गावाबाहेर, अण्णांचीच वस्ती होती. आधी तिथले व्हॉल्व्ह उघडायचे, मग मधल्या गल्ल्या, आणि सगळ्यात शेवटी टाकीजवळची बाजारपेठ. पेठेतल्या एका अडत दुकानदाराने अध्यक्षांपुढे तक्रार केली, की हा स्वतःच्या लोकांना आधी देतो. भर बैठकीत अण्णांना बोलावलं. मी शाळेच्या नळाच्या अर्जासाठी तिथेच बसले होते.

अण्णा शांतपणे म्हणाले, "टोकाला आदी सोडलं तर टोकालाबी मिळतंय, पेठेलाबी मिळतंय. पेठेला आदी सोडलं तर टोकाला थेंब पोचत न्हाई. हे पाइपाचं गणित हाय. जातीचं न्हाई. पटत नसंल तर उद्या चावी घ्या आन् तुमीच सोडा."

आणि त्यांनी खरोखर ती हातभर चावी टेबलावर ठेवली. दुकानदार दुसऱ्या दिवशी पहाटे हौसेने गेलाही. पेठेपासून सोडलं. साडेसातपर्यंत पाच गल्ल्या कोरड्या, आणि त्यातल्या एकीत दुकानदाराची सासुरवाडी. आठ वाजता चावी परत आली. अण्णांनी त्या दिवशी टाकीवरून अवाक्षर काढलं नाही. ही बातमी सांगावी, म्हणून लोकांनी किती विनवलं. म्हणाले, "पडल्या माणसाची बातमी करू ने."

आता सुमनच्या निकालाचं सांगते.

सुमन त्यांची थोरली मुलगी, माझ्या वर्गात होती. बोलायला कमी, पण एकदा वाचलेलं विसरायची नाही. त्यांच्या वस्तीतून मॅट्रिकला बसलेली ती पहिली मुलगी. तिची आई शेतात मजुरीला जाताना तिला बरोबर न नेता घरी अभ्यासाला ठेवायची, आणि त्याबद्दल शेजारणींचं बोलणं ऐकून घ्यायची. परीक्षेच्या दिवसांत पहाटे पाणी सोडायला निघालेले अण्णा सायकलला बांधलेली ती लोखंडी चावी धोतराच्या सोग्यात गुंडाळायचे; खणखण होऊन पोरीची झोप मोडू नये म्हणून.

तेव्हा मॅट्रिकचा निकाल वर्तमानपत्रात नंबरांनी छापून यायचा. पेपर दुपारच्या बसने यायचा आणि संध्याकाळी अण्णा टाकीवरून पास झालेल्यांचे नंबर वाचायचे. फक्त नंबर. नाव कधीच नाही. "नापास झाल्यालं पोरगं घरात बसलेलं असतंय. त्याचं नाव गावभर कामून करायचं?"

त्या वर्षी मी मैदानात उभी होते. माझ्या सोळा मुली परीक्षेला बसल्या होत्या, त्यांचे सगळे नंबर मला पाठ होते. अण्णा वाचत होते. एक एक नंबर येत होता, मैदानात कुठेतरी एखादी आरोळी उठत होती. सुमनच्या आधीचा नंबर आला. मग कर्ण्यांतून नुसता श्वास ऐकू आला. एक क्षण, दोन क्षण. आणि मग अण्णांनी सुमनच्या नंतरचा नंबर वाचला.

सुमन नापास व्हावी, हे मला पटेचना. अण्णांनी मात्र उरलेली यादी न अडखळता संपवली, तिन्ही भाषांत संपवली, आणि शेवटी उद्या सहाला पाणी, तेही सांगितलं.

मैदान रिकामं झाल्यावर मी पंपाच्या खोलीत गेले. दिवेलागणीची वेळ. अण्णा स्टुलावर बसले होते. मला पाहून उठले. "बाई, तुमी मेहनत घेतली. तुमची चूक न्हाई. पोरीला मी काय बोलणार न्हाई. फिरून बसंल ती."

"पेपर कुठे आहे, अण्णा?"

"कशाला? म्या डोळ्यानं बघितलंय."

"मलाही डोळ्यानं बघायचंय. तुम्हीच सांगता ना, बघितल्याशिवाय बोलू नये."

त्यांनी पेपर दिला. पेपराची चौघडी करून हातात धरायची त्यांची सवय होती. मी तो टेबलावर उलगडला, घडी तळहाताने दाबून सपाट केली. नंबरांची बारीक रांग. आणि बरोबर घडीच्या रेषेवर, शाई जरा फुटलेली, सुमनचा नंबर.

"अण्णा, हा काय?"

ते वाकले. पेपर डोळ्यांजवळ नेला, मग हात लांब करून धरला, मग दिव्याखाली नेला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या माणसाला जवळचं धड दिसत नाही. कितीतरी दिवसांपासून दिसत नसावं. मोठ्या अक्षरांच्या चिठ्ठ्या, तोंडपाठ बातम्या, हात लांब करून धरलेला पेपर, सगळं निभावून गेलं होतं. गावाच्या रेडिओला नीट वाचता येत नाही, हे कुणाला कळू नये म्हणून त्यांनी चष्म्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

"तुमी वाचा," ते म्हणाले.

मी वाचला.

"परत वाचा."

परत वाचला.

"आता उलटीकडून वाचा."

मी शेवटच्या आकड्यापासून पहिल्यापर्यंत वाचला. ते मटकन स्टुलावर बसले. मग म्हणाले, "बाई, एवढ्या वर्षांत एक बातमी खोटी सांगितली न्हाई. आन् पहिली खोटी सांगितली ती पोटच्या पोरीची."

"मग उठा, खरी सांगा. आत्ता सांगा."

"मी न्हाई. घरची बातमी घरच्यानं सांगायची न्हाई. पोरगं झालं तवाबी सांगायला मी दवाखान्यातल्या कंपाउंडरला बोलावलं होतं." त्यांनी मशीनचं बटण दाबलं आणि माईक माझ्यापुढे धरला. "तुमी सांगा. आन् माजी चूक झाली, हेबी सांगा. ते आदी सांगा."

त्या टाकीवरून तोवर गावातल्या बाईमाणसाचा आवाज कधी गेला नव्हता. हेडमास्तर काय म्हणतील, गाव काय म्हणेल, असं मनात आलं. पण वस्तीच्या टोकाला ती मुलगी भिंतीकडे तोंड करून बसली असणार, हे मला दिसत होतं. मी माईक धरला.

"ऐका," मी म्हणाले, आणि माझाच आवाज चारी बाजूंनी परत येऊन माझ्यावर आदळला. "मी शाळेतली मराठीची बाई बोलते आहे. मघाशी टाकीवरून वाचलेल्या निकालात चूक झाली. एक नंबर वाचायचा राहिला." आणि मी तो वाचला. एकदा वाचून माझं समाधान होईना. दोनदा वाचला. मग नंबराने काय होतंय, असं वाटलं आणि त्यांचा नियम मोडून मी नाव घेतलं. "सुमन पास झाली. आपल्या टाकीअण्णांची सुमन मॅट्रिक पास झाली!"

मी माईक खाली ठेवणार, तोच मागून अण्णा जिवाच्या आकांताने ओरडले, "बाई, पाणी! पाणी ऱ्हायलं!"

ते सगळ्या गावाने ऐकलं. पेठेतून हशा आला, मग शिट्ट्या, मग कुठेतरी कुणीतरी ताट बडवायला लागलं. मी गडबडून म्हणाले, "उद्या सहाला पाणी."

"उद्या न्हाई," अण्णा म्हणाले. त्यांनी डोळे पुसले, कोपऱ्यातली चावी उचलली आणि सायकल काढली. मिनिटाचा फरक न करता वर्षानुवर्षं सहाला पाणी सोडणाऱ्या त्या माणसाने त्या संध्याकाळी, कुणाच्या हुकमाशिवाय, सगळे व्हॉल्व्ह उघडले. नळ कोरडे असायच्या वेळी घराघरांत धो-धो पाणी आलं. बायका हंडे, कळशा, पातेली, हाताला येईल ते घेऊन धावल्या. पोरांनी नळाखाली कपड्यांसकट अंघोळी केल्या. मी वस्तीत गेले तेव्हा सुमन दारात भिजून उभी होती, आणि तिची आई तिच्या डोक्यावर तांब्याने पाणी ओतत हसत होती आणि रडतही होती.

नगरपालिकेने अण्णांना खुलासा विचारला. त्यांनी लिहून दिलं, "पाण्याची सूचना चुकून आधी गेली, म्हणून पाणी सोडावे लागले." अध्यक्षांनी तो कागद वाचला, हसले आणि फाइलला लावला. पुढच्या आठवड्यात अण्णा बसवकल्याणला जाऊन चष्मा घेऊन आले. पहिल्याच दिवशी त्यांनी ही बातमी स्वतःच दिली, "मला चष्मा लागलाय. आता चूक झाली तर ती डोळ्याची न्हाई, माजी." आणि दर शनिवारी मराठी बातम्या मी वाचू लागले. हेडमास्तर काही बोलले नाहीत. त्यांच्या मंडळींनी मात्र मला सांगितलं, की जरा हळू वाचा, फोडणी करताना ऐकू येत नाही.

पुढे माझी बदली भालकीला झाली. गावात घरोघरी ट्रान्झिस्टर आले, मग टीव्ही आले. अण्णा निवृत्त झाले तेव्हा चारपैकी दोनच कर्णे चालू होते. सुमन बिदरच्या दवाखान्यात नर्स झाली होती.

एक दिवस सुमनचं पत्र आलं. शहरातल्या मोठ्या रेडिओ केंद्राने अण्णांना बोलावलंय, गावच्या जुन्या रेडिओबद्दल दहा मिनिटं बोलायला. अमुक दिवशी, अमुक वेळी. भालकीच्या शाळेत सगळ्या शिक्षिकांना खोलीत गोळा करून मी रेडिओ लावला. निवेदिकेने ओळख करून दिली. मग ते ओळखीचं खाकरणं आलं.

"ऐका," अण्णा म्हणाले. "इथले साहेब म्हणायलेत, तुमचा आवाज तीन जिल्ह्यांत जायलाय. तीन जिल्ह्यांतली माणसं माज्या वळखीची न्हाईत. माज्या गावची हायत. तवा त्यांचंच सांगतो." आणि त्यांनी गावातली घरं सांगायला सुरुवात केली. गल्लीमागून गल्ली, घरामागून घर. घरात कोण कोण, कोण नोकरीला गेलं, कुणाचं लग्न झालं, कुणाची विहीर लागली. हातात कागद नव्हता, हे आवाजावरून कळत होतं. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "हे काय चाललंय?" मी तिला गप्प केलं. कुंभार गल्लीच्या मध्यावर आले आणि वेळ संपली. मागे सतार वाजू लागली.

मला राहवलं नाही. रविवारी मी गावाला गेले. अण्णा घरी नव्हते. शोधत गेले, तर कुंभार गल्लीत एका ओट्यावर बसून बशीतून चहा पीत होते. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. पण लगेच कपाळाला हात लावून म्हणाले, "या बाई. लई मोठा घोटाळा झालाय. अर्धी कुंभार गल्ली आन् पुढच्या दोन गल्ल्या ऱ्हायल्या. लोक घरी भांडायला यायलेत, आमचं नाव कामून घेतलं न्हाई म्हणून. आता रोज चार घरं करायलोय. ज्याची बातमी त्याच्या दारात उभं ऱ्हाऊन सांगतो. समदे चहा पाजवल्याबिगर सोडंनात. पोटात नुसता चहा झालाय."

पुढच्या घरी मीही त्यांच्याबरोबर गेले. घरची म्हातारी दारातच बसली होती. तिने अण्णांना अंगणाच्या मधोमध उभं केलं, सुनांना बाहेर बोलावलं, शेजारच्यांनाही हाक मारली. अण्णांनी धोतर सारखं केलं, खाकरले आणि त्या घराची बातमी सांगितली. थोरला पुण्याला, धाकटा वीटभट्टीवर, सून नगरपालिकेवर निवडून आली, नातू सातवीत पहिला. म्हातारी प्रत्येक नावाला मान हलवत होती.

संपलं तेव्हा ती म्हणाली, "आन् नात? काल सांजच्याला झालीय, तिचं कोण सांगंल?"

"नाव काय?" अण्णांनी विचारलं.

"नाव अजून ठिवायचंय."

अण्णा म्हणाले, "मग बातमी अर्धीच हाय, आक्का. बारशाला येतो आन् पुरी सांगतो."

"ये की," म्हातारी म्हणाली. "पन हळू बोलशील. तुजा आवाज आईकून पोरगी आताच जागी झालीय."